मदत हवी आहे: थेट नागपूर गाडी मागायची, की वर्ध्याला जोड? निवेदन पहिल्याच ओळीवर अडलंय

नमस्कार मंडळी. माझं गाव देवळी तालुक्यात, भिडी स्टेशनपासून चार किलोमीटर आत. नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत. तिथे तिघांत मिळून खोली केली आहे, घरी आई आणि पाच एकर कपाशी. रोज घरून जाणं-येणं जमलं तर खोलीचं भाडं वाचेल आणि फवारणीला माणूस शोधत फिरावं लागणार नाही, एवढाच माझा स्वार्थ.

वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा ३९ किलोमीटरचा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. आनंद आहेच. पण गाडी वर्ध्याला संपते आणि नागपूर तिथून आणखी ७९ किलोमीटर. माझी ड्यूटी सकाळी ९ ची, ती काही या गाडीने गाठता येत नाही. म्हणून सोमवारी गावातर्फे निवेदन द्यायचं ठरलं. अक्षर बरं म्हणून लिहायला मला बसवलं.

गुरुवारी रात्री मारुतीच्या पारावर मी पहिली ओळ वाचली: "कळंब-वर्धा गाडीची वेळ वर्ध्याहून नागपूरला जाणाऱ्या गाड्यांशी जुळवावी." आबाजींनी तिथेच थांबवलं. "काहून बाप्पा, वर्ध्याले उतरून फलाटावर मुंग्या मोजाच्या का? थेट नागपूर लिही." त्यांनी यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी रेल्वे, शकुंतला, धावताना पाहिली आहे, बंद पडतानाही पाहिली आहे. त्यांचं म्हणणं, छोट्या गाडीला वाली नसतो. पाटीवर नागपूर लागलं की बंद करायला कोणी धजत नाही. मला हे पटतं, हीच पंचाईत आहे.

काकाजी रेल्वेतून रिटायर. ते म्हणाले, "मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई, दोन्हीचं ओझं सेवाग्राम ते नागपूर याच पट्ट्यावर. पुढे कोळशाची मालगाडी, मागून एक्स्प्रेस. तुही लोकल सिंदी टेसनावर बाजूच्या लूप लायनीत टाकतील अन् तू खिडकीतून संत्रेवाला पाहत बसशील." या पट्ट्यावरच्या नवीन मार्गिका पूर्ण होईपर्यंत थेट गाडी मिळाली तरी वेळेवर धावणार नाही, असं त्यांचं मत.

तेवढ्यात शेजारच्या मावशी: "आमाले एसटीचं अर्धं तिकीट. नाक्यावरून बसतो, सीधी नागपूर. टेसनावर कायले जाऊ?" मार्च २०२३ पासून बायांना एसटीत निम्मं भाडं आहे, म्हणजे रेल्वेला अर्धं गाव तर आधीच कमी. यावर पारावर कोणी काही बोललं नाही.

मी घरी येऊन वहीत गावातले जाणारे मोजले. कंपनीवाले बहुतेक बुटीबोरीला उतरणार. नागपूरच्या मेडिकल दवाखान्यात जाणाऱ्यांना अलीकडचं अजनी स्टेशन सोयीचं. दवाखान्याचे निम्मे पेशंट तर सेवाग्रामच्या कस्तुरबालाच जातात. नागपूरच्या मुख्य स्टेशनापर्यंत जायचंच आहे असे मला फार थोडे सापडले. मग आपण नेमकं काय "थेट" मागतोय?

जाणकारांनी सांगावं: थेट मागावी की जोड? निवेदन कोणाच्या नावाने? आणि कळंब ते नागपूर सीझन पास निघतो का, की वर्ध्यापर्यंत एक आणि पुढे दुसरा? सोमवारच्या आत उत्तर मिळालं तर उपकार होतील.

रोजचा_प्रवासी: थेटच मागा भाऊ. मी दुसऱ्या मार्गावर सात वर्षं जोडगाडी केली आहे. कागदावर वीस मिनिटांचा फरक होता. आपली शटल पंचवीस मिनिटं लेट, आणि शटलसाठी मेन लाइनची गाडी कोणी थांबवत नाही. पूल चढून वर गेलो की तिचा शेवटचा डबा दिसायचा. पगारातले खाडे कोण भरणार?

जुना_गार्ड: तुमचे काकाजी बरोबर सांगतात, पण अर्धंच. वर्ध्याला थांबवण्याऐवजी गाडी सेवाग्रामपर्यंत न्या म्हणून मागा. ते पुढचंच स्टेशन, जेमतेम चार किलोमीटर. बल्लारशाहकडून नागपूरला जाणाऱ्या गाड्या वर्ध्याला येत नाहीत, सेवाग्रामवरून जातात. म्हणजे सेवाग्रामला उतरलात तर दोन्ही मार्गांच्या गाड्या हाताशी. एक चुकली तर दुसरी. शिवाय तुमचे कस्तुरबाचे पेशंटही तिथेच उतरतील. रेक, म्हणजे डब्यांची गाडी, तोच, नवीन काही लागत नाही, म्हणून नकार द्यायला कारण कमी सापडतं.
निवेदनाबद्दल एक जपा. नागपुरात मंडल रेल प्रबंधक दोन आहेत, एक मध्य रेल्वेचे, दुसरे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे. तुमचा मार्ग मध्य रेल्वेत येतो. आमच्या गावचा एक कागद दुसऱ्याच दारात पडून होता, दोन महिन्यांनी कळलं. पोच घ्या, प्रत खासदारांना द्या.

कळंबची_लेक: सगळे सकाळची गाडी मागता, संध्याकाळची कोणीच लिहीत नाही. मी वर्ध्याला कॉलेजला होते. परतीचं पक्कं नसेल तर आईवडील मुलीला रोज जाऊ देत नाहीत, मग सकाळची गाडी पाचला सोडा नाहीतर सहाला. आणि भिडी स्टेशन ते तुमचं गाव चार किलोमीटर अंधारात कसं जाणार, तेही ग्रामपंचायतीला विचारा. तिथे रेल्वे काही करणार नाही.

जुना_गार्ड: सीझनचं राहिलं. पास साधारण १५० किलोमीटरपर्यंत देतात. तुमचं ३९ आणि ७९ मिळून ११८, त्यामुळे अंतराची अडचण नाही. सुपरफास्टने जायचं तर सरचार्ज वेगळा भरावा लागतो. तीन महिन्यांचा काढलात तर मासिकाच्या २.७ पट पडतो.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. मसुदा बदलला. आता पहिली ओळ अशी: "कळंब-वर्धा गाडी सेवाग्रामपर्यंत वाढवावी, सकाळी ९ च्या आत बुटीबोरी गाठता येईल अशी सुटावी आणि संध्याकाळी सातनंतर परतीची एक फेरी असावी." ताई, परतीचं तुमच्यामुळे आलं. स्टेशनच्या रस्त्यावरच्या दिव्यांचा अर्ज वेगळा लिहिला आहे.
आबाजींना वाचून दाखवलं. "नागपूर कुठी गेलं?" म्हणाले. शेवटी खाली आणखी एक ओळ टाकली, "पुढे ही गाडी थेट नागपूरपर्यंत न्यावी," तेव्हा कुठे सही केली. जुना_गार्ड दादा, त्या ओळीने काही बिघडत तर नाही ना?

जुना_गार्ड: राहू द्या. पण ती खालीच ठेवा.