चावट, अश्लील, वाह्यात आणि मैत्रीतून जडलेल्या जिवाची गोष्ट

प्रश्न : परभणीच्या आमच्या चित्रपटमंडळात पुढच्या महिन्यात एक इंग्रजी चित्रपट दाखवायचा आहे. दोन जुने मित्र (एक तो, एक ती) प्रेमाची भानगड नको, पण शरीराची जवळीक असू द्यावी असे आपसात ठरवतात आणि शेवटी एकमेकांत पुरते गुंततात, असे त्याचे कथानक आहे. इंग्रजीत त्याचे वर्णन ‘रॉन्ची रोमँटिक कॉमेडी’ (रॉन्ची म्हणजे शरीरसंबंधांवरच्या उघड थट्टेने भरलेली) असे केलेले आहे. सूचनाफलकावर मराठीत काय लिहावे? एका सदस्याने ‘अश्लील प्रेमविनोदी चित्रपट’ असे सुचवले आहे, ते मनाला पटत नाही.

उत्तर : आपल्याला ते पटले नाही, हे योग्यच झाले. ‘अश्लील’ हा मराठीत निवाड्याचा शब्द आहे. संस्कृत काव्यशास्त्रात तो दोषांच्या यादीत येतो आणि मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : लाज आणणारे, किळस आणणारे आणि अमंगल सुचवणारे. म्हणजे मरणाची अशुभ सूचना देणारा शब्दही त्या व्याख्येत अश्लीलच ठरतो. आजच्या मराठीत पहिला अर्थ तेवढा उरला आणि त्याला कायद्याची धार आली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 294 मध्ये अश्लील पुस्तके व तत्सम साहित्य यांच्या विक्रीचा गुन्हा सांगितला आहे. ज्या शब्दाने गुन्हा नोंदवला जातो, तोच शब्द आपण होऊन आपल्या कार्यक्रमाच्या फलकावर लिहिणे कोणत्याही मंडळाला शोभणार नाही.

‘ग्राम्य’ हा शब्दही कोणी सुचवील. काव्यशास्त्रात तोही दोषच आहे, परंतु खेड्यातले ते असभ्य हे समीकरण त्यात गृहीत धरलेले असल्यामुळे मराठवाड्यात बसून मी तरी तो या अर्थाने वापरणार नाही. ‘वाह्यात’ आणि ‘फाजील’ हे दोन्ही अरबी मुळाचे शब्द आपल्याकडे उर्दूच्या सोबतीने नांदत आले आहेत. वाह्यात हे विशेषण माणसाला, विशेषतः पोराला लागते. फाजील म्हणजे मुळात शिल्लक, जास्तीचे. ‘फाजील लाड’, ‘फाजील आत्मविश्वास’ यांत तोच अर्थ आहे. उर्दूत मात्र फाजील म्हणजे विद्वानही होतो, आणि ती भाषा घरी बोलणारे प्रेक्षक आपल्याकडे असणार, हे लक्षात ठेवावे. ‘पांचट’ हा शब्द चवीवरून आलेला आहे. पांचट विनोद म्हणजे फसलेला विनोद, तेव्हा आपणच निवडलेल्या चित्रपटाला तसे म्हणण्यात अर्थ नाही.

माझ्या मते येथे ‘चावट’ हाच शब्द हवा, आणि त्याची बाजू थोडी विस्ताराने मांडावीशी वाटते. चावट हा मूळचा बोलण्याचा शब्द आहे. जुन्या मराठीत चावटी म्हणजे वायफळ बडबड. तापात माणूस चावळतो असे आपण आजही म्हणतो, तेथेही संबंध जिभेशीच आहे. पुढे त्याला लाडिक निर्लज्जपणाची छटा चिकटली, तरी बोलण्याशी असलेले नाते सुटले नाही. आपण सांगता त्या जातीच्या चित्रपटांचे सारे बळ संवादांत असते. इतरांसमोर जे बोलायचे नाही, ते दोन मित्र एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात आणि प्रेक्षक त्यालाच हसतो. हॉलिवूडमधून 2011 साली याच कथासूत्राचे दोन चित्रपट आले, एक जानेवारीत आणि दुसरा जुलैत. त्या दोहोंतही बिछान्यातल्या प्रसंगांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, वजन दिले आहे ते बिछान्याविषयीच्या बोलण्याला. त्या बोलण्याला अश्लील म्हणणारा ते ऐकून उठून जातो. चावट म्हणणारा मात्र रागावल्यासारखे करतो, पण हसू दाबत बसून राहतो.

शृंगार आणि हास्य यांची ही जोडी आपल्याला परकी नाही. नाट्यशास्त्रात भरताने शृंगारापासून हास्य उत्पन्न होते, असे स्पष्टच सांगितले आहे. पैठणच्या सातवाहनांशी ज्याचे नाव जोडले जाते त्या हालाच्या ‘गाथा सप्तशती’त महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी गाथांमध्ये सखी किंवा दूती वरवर साधे काही सांगते आणि आतून भलतेच सुचवते. तमाशाच्या गवळणीतही हेच चालते. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत फडावर मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट पेंद्या अडवतो आणि ‘दही घट्ट हाय का, आधी दाखवा’ असे म्हणतो. पुरुषाने सोंग घेतलेली मावशी कमरेवर हात ठेवून त्याला ‘मेल्या, तुझं भांडं तरी धड हाय का?’ असे विचारते, आणि तंबूभर हशा उसळतो. एकही शब्द उघडा पडलेला नसतो. चावट या शब्दाला हा सगळा अनुभव पाठीशी आहे, म्हणून तो वाचताच प्रेक्षकाला काय मिळणार ते नेमके कळते.

आता मित्रांचे प्रियकर कसे होतात, त्या शब्दाकडे वळू. अशा मित्रांसाठी इंग्रजीत ‘फ्रेंड्स विथ बेनिफिट्स’ ही जी प्रसिद्ध संज्ञा आहे, तिचे ‘फायद्याचे मित्र’ असे शब्दशः रूपांतर केल्यास मराठीत स्वार्थी मैत्री एवढाच बोध होईल, तेव्हा तो मार्ग नको. ‘यार’ हा शब्द दोन्ही अर्थ वागवतो खरा, परंतु फार अन्यायाने : मुलगा मुलाला यार म्हणतो तेव्हा तो दोस्त असतो, आणि ‘तिचा यार’ म्हटले की लगेच तो जार होतो. ‘सखा’ या शब्दावर भक्तीचा आणि भावगीतांचा इतका गोडवा साचला आहे की त्याला चावटपणा सोसणार नाही.

आपल्या भागात याहून चांगला शब्द रोजच्या वापरात आहे, तो म्हणजे ‘जोडीदार’. ‘माझा जोडीदार आला न्हाई आजून’ असे बाजारच्या दिवशी एसटी थांब्यावर म्हणणारा माणूस मित्राविषयी बोलत असतो, आणि शाळेतल्या मुली ‘माझ्या जोडीदारणी’ म्हणतात त्या मैत्रिणीच असतात. वधूवरांच्या जाहिरातीत मात्र ‘अनुरूप जोडीदार हवा’ असे छापलेले असते. मैत्री आणि संसार ही दोन्ही टोके एका शब्दाने धरलेली आहेत, आणि चित्रपटाची गोष्ट नेमकी या दोन टोकांमधली आहे.

क्रियापदही विचारपूर्वक घ्यावे. ‘सूत जुळणे’ यात दोघांची संमती आणि थोडी खटपट दिसते. ‘लफडे’ या शब्दात बाहेरच्यांची नजर आहे. ‘जीव जडणे’ हे मात्र ठरवून होत नाही आणि ठरवून टाळताही येत नाही. कथेतल्या दोघांनी करार केला तो शरीरापुरता, जीव जडण्याला त्या करारात जागाच नव्हती, म्हणून येथे हाच प्रयोग चपखल बसतो.

उपप्रश्न : आमच्या मंडळात पुण्या-मुंबईहून नोकरीनिमित्त आलेले सदस्यही आहेत. ‘जोडीदार’ वाचून त्यांना ते दोघे आधीपासूनच नवरा-बायको आहेत असे वाटणार नाही का? आणि ‘चावट’ लिहिल्यावर ‘प्रौढांसाठी’ असे वेगळे लिहावे लागेल का?

उत्तर : पहिली शंका रास्त आहे. ‘शाळेपासूनचे जोडीदार’ असे लिहिल्यास ती उरणार नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. चावट हे चित्रपटाच्या स्वभावाचे वर्णन आहे, तर प्रमाणपत्र ही कायद्याची बाब आहे. ‘ए’ प्रमाणपत्र 18 वर्षे पूर्ण झालेल्यांसाठीच असते. 2023 च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ प्रमाणपत्रातही 7, 13 आणि 16 वर्षे असे टप्पे आले आहेत, तेव्हा चित्रपटाला जे प्रमाणपत्र मिळालेले असेल, ते जसेच्या तसे लिहावे. फलकाचा मजकूर मी असा सुचवीन : ‘शाळेपासूनच्या दोन जोडीदारांचा एकमेकांवर जीव जडतो, त्याची चावट, हसरी गोष्ट.’ त्याखाली वेगळ्या ओळीत प्रमाणपत्र, वेळ आणि ठिकाण द्यावे.