मदत हवी आहे : फँटसी बेसबॉलमध्ये जखमी खेळाडूला किती काळ धरून ठेवावे?

न्यू जर्सीत कार्यालयातील सहकाऱ्यांसोबत मी यंदा प्रथमच बारा संघांची फँटसी बेसबॉल लीग (खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडून त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ) खेळत आहे. क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला १६२ सामन्यांचा हंगाम आणि रोजच्या दुखापतींच्या बातम्या यांचा मेळ घालणे जड जाते.

मेजर लीगमध्ये (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीग) फलंदाजाला किमान १० दिवसांच्या, तर पिचरला (चेंडू फेकणाऱ्याला) किमान १५ दिवसांच्या जखमी यादीत टाकतात, आणि ही नोंद तीन दिवसांपर्यंत मागील तारखेपासून धरता येते, एवढे मला समजले आहे. मात्र हे आकडे किमान मुदतीचे असल्यामुळे खेळाडू प्रत्यक्षात कधी परतेल, याचा अंदाज त्यांवरून बांधता येत नाही. साठ दिवसांच्या यादीत हलवल्यावर क्लबला चाळीस जणांच्या संघात जागा मोकळी मिळते. म्हणजे तो निर्णय प्रकृतीपेक्षा जागेच्या निकडीतूनही होत असावा, अशी मला शंका आहे.

माझ्या फँटसी संघात जखमींसाठी दोनच जागा असून जखमी खेळाडू तीन आहेत : मांडीचा स्नायू दुखावलेला, चोऱ्या करणारा (म्हणजे धावत पुढचा बेस गाठणारा) आउटफिल्डर (मैदानाच्या दूरच्या भागातला क्षेत्ररक्षक), कोपरात वेदना असलेला पिचर आणि मनगट मोडलेला फलंदाज. अटलांटा ब्रेव्ह्ज संघाचा आउटफिल्डर रोनाल्ड अकुन्या २०२१ मधील गुडघ्याच्या दुखापतीनंतर परतला खरा, पण २०२३ मधील ७३ चोऱ्यांची झेप त्याने पुढच्या नव्हे, त्याच्याही पुढच्या हंगामात घेतली.

अशा स्थितीत आपण कोणाला सोडाल? जखमी खेळाडूचे परतण्यापूर्वीचे मायनर लीगमधील (मेजर लीगखालच्या स्तरावरील) सराव सामने सुरू झाल्याची बातमी कितपत विश्वासार्ह मानावी?