मुंबईची सहल: गेटवे, म्युझियम, राणीबाग... तुमच्या आठवणी टाका

पऱ्हाटीवाला (दारव्हा)

काल पोरगी शाळेतून सहलीचा कागद घेऊन आली. मुंबई दर्शन, तीन दिवस. गेटवे, घारापुरी, वस्तुसंग्रहालय, राणीबाग, तारांगण. सही करायला पेन काढला अन् एकदम १९९३ चा डिसेंबर आठवला.

मी सहावीत. दारव्ह्याहून शकुंतलेनं (आमची छोट्या रुळाची गाडी) मूर्तिजापूर, तिथून रात्रीची मोठी गाडी. शकुंतलेला तेव्हा वाफेचंच इंजिन होतं. खिडकीतून मुंडकं बाहेर काढू नका असं गुरुजी सांगत होते, म्हणून काढलं. कोळशाचा कण डोळ्यात गेला तो सकाळी व्हीटीला उतरेपर्यंत. त्यामुळे व्हीटी मी एका डोळ्यानं पाह्यलं. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. गुरुजी म्हणाले सिंह म्हणजे इंग्रज, वाघ म्हणजे आपण. मले फक्त वाघ दिसला, कारण चांगला डोळा त्या बाजूचा होता.

निघताना आजा म्हणाला होता, "बाकी काही पाह्य नको पाहू, आपला कापूस कुठं उतरते तेवढं पाहून ये." आता सहलीच्या बसला कोण सांगणार की कापूस उतरते तिथं थांबवा? पण हायकोर्टाजवळून जाताना गुरुजींनी राजाबाई टॉवर दाखवला. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, मग मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव. त्यात प्रेमचंद रायचंद नावाचा शेठ गब्बर झाला. त्यानं या घड्याळाच्या मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले अन् आईचं नाव लावलं. १८७८ ला पुरा झाला, २८० फूट.

घरी येऊन आज्याले हे सगळं धडाधडा सांगतलं. तो शांतपणे तंबाखू मळत होता. म्हणे, "घड्याळ चालू होतं?"

पाह्यलंच नव्हतं.

"आपल्या कापसाचं घड्याळ, अन् टाइम नाही पाह्यला?"

आजा २००२ ला गेला. तोवर दर दिवाळीत पाहुण्यांसमोर हे ऐकलं मी. तर तुमच्या मुंबईच्या आठवणी सांगा. मी वेचणीच्या बायांचं माप करून येतो.

ठेचाभाकर

गेटवेसमोर आमच्या मायनं बसमधून उतरल्या उतरल्या विचारलं, "ही मुंबईची वेस व्हय? मंग मारोती कुठी आहे?" आन् खरंच शोधत होती बाप्पा! डोक्यावर पदर घेऊन, हातात नारळ!!

शिक्षिका_पुसद

@ठेचाभाकर 😂😂 नारळाचं काय झालं मग?

ठेचाभाकर

ताई, समुद्राले वाहिला. कबुतरं उडाली सगळी.

शिक्षिका_पुसद

मी चार वेळा मुलं घेऊन गेलेय, त्यामुळे माझ्या आठवणी म्हणजे मोजणी. बोटीत चढताना ५८, उतरताना ५७. जीव गेला माझा. तो पठ्ठ्या बोटीच्या खालच्या भागात आडवा पडला होता, ओकाऱ्या करून करून. घारापुरीला पोचायला तासभर लागतो, आणि आमची मुलं धरणाशिवाय दुसरं पाणी बघितलेली नाहीत.

पहिल्या वर्षीची फजिती मात्र माझीच. सगळं आरक्षण वगैरे केलं, पहाटे उठवून आंघोळी, गेटवेला पोचलो तर कळलं आज सोमवार, लेणी बंद. ५८ मुलं, कोणी रडतंय, कोणी विचारतंय बाई मग हत्ती? (त्यांना वाटत होतं एलिफंटा म्हणजे तिथे हत्ती असतात.) मग एका पोलीसदादांनी सांगितलं की खरा हत्ती राणीबागेत आहे. तो दगडी हत्ती पोर्तुगीजांनी घारापुरीच्या किनाऱ्यावर पाहिला, त्यावरून बेटाला एलिफंटा म्हणायला लागले. इंग्रजांना तो विलायतेला न्यायचा होता, १८६४ ला उचलताना पडला आणि तुकडे झाले. ते सांधून आता राणीबागेच्या आवारातल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा केलाय. सोमवार असून सगळ्या मुलांना हत्ती बघायला मिळाला. एकीने पाठीवर हात फिरवून विचारलं, "बाई, याले लागलं होतं?"

संग्रहालयही बघा. १८७२ चं आहे, आत मातीच्या छोट्या छोट्या माणसांच्या मूर्ती आहेत, पगड्यांचे प्रकार, बलुतेदार, होड्यांचे नमुने. गावाकडच्या मुलांना तेच सगळ्यात आवडतं कारण ओळखू येतं. तिथे बुधवारी सुट्टी असते, लिहून ठेवा.

निळाई_अमरावती

आमच्याकडे मुंबईला "सहल" कोणी गेलंच नाही. आमची मुंबई म्हणजे ६ डिसेंबर. बाबा, मोठे बाबा, शेजारचे काका, दहा-बारा जण, डब्यात पाय ठेवायला जागा नाही. मी सात वर्षांची, वरच्या फळीवर सामानासोबत. दादरला उतरून चैत्यभूमी, रांग इतकी लांब की मी बाबांच्या खांद्यावर झोपले, उठले तरी रांगच. रात्र शिवाजी पार्कात. आईनं घरून दशम्या आणि तिळाची चटणी दिली होती, ती तीन दिवस पुरली.

दुसऱ्या दिवशी हिंदू कॉलनीत राजगृह. बाबा रस्त्यावरच उभे राहून बघत राहिले. म्हणाले, माणसं राहायला घर बांधतात, साहेबांनी पुस्तकं ठेवायला बांधलं. मग गेटवे पण बघितला, पण खरं सांगू, मला काहीच आठवत नाही त्यातलं. आठवते ती पार्कातली पुस्तकांची दुकानं. जमिनीवर प्लास्टिक, त्यावर पुस्तकं. बाबांनी स्वतःला चप्पल घेतली नाही, पट्टा तुटलेलीच ओढत आले, पण पिशवीभर पुस्तकं. ती पिशवी अजून आहे घरी. मी आता लायब्ररीत नोकरीला आहे.

वैनगंगा

@निळाई_अमरावती जय भीम ताई. आमचंही सेम. फक्त आमची चटणी जवसाची 🙂

खामगावकर

वरच्या दारव्हेकर भाऊंना नम्र विनंती, कापसाचा इतिहास सांगायचा तर सुरुवात खामगावपासून करा. १८७० ला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता आमच्या गाडीचं उद्घाटन करायले. जलंब ते खामगाव, कापसासाठी खास फाटा. तुमची शकुंतला तवा जन्मलीही नव्हती.

पऱ्हाटीवाला (दारव्हा)

@खामगावकर मान्य. पण आमचीले नाव होतं, तुमचीले फक्त फाटा.

खामगावकर

लागलं बरं का हे.

ठेचाभाकर

शकुंतलेत चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून परत चढलो मी. कोणाले खोटं वाटन तर वाटो. परत सुरू होईन म्हणते दरवर्षी. होत नाही.

सेवाग्रामी

मी मणिभवन पाहायला मुद्दाम गेलो होतो, गावदेवीला. गांधीजी १९१७ ते ३४ मुंबईत तिथे उतरायचे. लाकडी जिन्याचं टुमदार घर, वर त्यांची खोली, चरखे, गादी. १९३६ ला ते आमच्याकडे सेवाग्रामला कुडाच्या भिंतीत आले, म्हणून मला तिथे उगाच यजमान असल्यासारखं वाटत होतं. एक गोष्ट तिथे कळली ती आवडली: कापूस पिंजायचा पहिला धडा त्यांनी घरावरून जाणाऱ्या एका पिंजाऱ्याकडून घेतला. लहानपणी आमच्या दारावर पिंजारी यायचा, त्या धनुकलीचा टणण् टणण् आवाज. मी त्या खोलीत उभा आणि कानात तो आवाज.

शिक्षिका_पुसद

@सेवाग्रामी आमच्याकडेही यायचा! गादी उसवली की आम्ही पोरं त्या कापसात लोळायचो, आणि आई झाडू घेऊन मागे.

तुरीची_डाळ

तुरीवर यंदा अळी लय आहे काय कोणाच्या? इथं विचारू रायलो कारण इथं सगळे शेतकरीच दिसून रायले.

खामगावकर

@तुरीची_डाळ आहे. फवारणी सकाळी करा, दुपारी नको. आन् तोंडाले रुमाल बांधा बावा, थट्टा नका करू.

काकूबाई_वणी

आमचे सासरे व्हीटीलाच भुलले होते. मोठमोठे घुमट पाहून त्यांनी चपला काढल्या, हात जोडले. टीसीनं तिकीट मागितलं तर त्याच्यापुढे प्रसादाचे दोन रुपये धरले. मिस्टर अजून सांगतात. त्या काळी पूर्ण नाव व्हिक्टोरिया टर्मिनस, १८८८ ला बांधून झालं. आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. सासऱ्यांना कळलं असतं तर म्हणाले असते, बघा, हात जोडले ते बरोबरच होतं.

मी स्वतः गेले ते भाच्याच्या लग्नाला. काळा घोडा पाहायला गेलो तर घोडाच नाही! १९६५ लाच घोड्यावरच्या इंग्रज राजाचा पुतळा काढून राणीबागेत नेला म्हणे, अन् नाव तसंच राहिलं. २०१७ ला नवीन घोडा बसवला, त्याच्यावर स्वार नाही. वणीत आमच्या चौकाचं पण तसंच आहे, चिंच तोडून वीस वर्षं झाली तरी "चिंचेखाली उतरा" म्हणतात.

वैनगंगा

मोठ्या म्युझियममध्ये (पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स, घुमटवालं) आमचा बा गेला अन् भायेर येऊन म्हणे "अजब बंगल्यासारखंच आहे, फक्त मोठं." नागपूरचा अजब बंगला १८६३ चा, मुंबईवालं लोकांसाठी उघडलं १९२२ ला. म्हणजे बाचं उलटं बरोबर होतं, मुंबईवालंच आमच्यासारखं आहे.

डोंगरगण

कोणी विक्रांत पाहिली का? जुनी युद्धनौका, म्युझियम केली होती. मी २००६ ला शिरलो होतो आत. ७१ च्या युद्धातली बोट. लोखंडी जिने इतके उभे की उतरताना उलटं उतरावं लागे, विहिरीत उतरतो तसं. नंतर २०१४ ला भंगारात काढली. वाईट वाटलं बातमी वाचून. बाकी काही नाही.

ठेचाभाकर

बैल ईकाले काढल्यावर वाटते तसं.

डोंगरगण

हाव.

निळाई_अमरावती

@पऱ्हाटीवाला भाऊ, मग आजोबांचा कापूस उतरतो ती जागा कधी बघितली की नाही?

पऱ्हाटीवाला (दारव्हा)

ताई, पाह्यली. २०११ ला बायकोच्या ऑपरेशनसाठी दीड महिना मुंबईत होतो. दवाखान्यात दुपारी भेटू देत नव्हते. एक दिवस हार्बर लाइनच्या डब्यात चढलो अन् स्टेशनाचं नाव वाचलं, कॉटन ग्रीन. उतरलोच.

आधी फोर्टात, आता हॉर्निमन सर्कल आहे तिथं मोकळं मैदान होतं, त्याले ग्रीन म्हणत. कापसाच्या गाठी तिथं रचून ठेवत. गर्दी झाली म्हणून बाजार कुलाब्याला नेला, मग शिवडीच्या बाजूला भराव घालून तिथं. नाव मात्र मागं मागं आलं.

बाहेर पडलो तर गोदामं, ट्रक, धूळ. कॉटन एक्सचेंजची जुनी हिरवी इमारत आहे. कापसाचं एक बोंड नाही. एका बंद गोदामाच्या दारात हमाल जेवत बसला होता. विचारलं, इथं कापूस उतरायचा ना? म्हणे, "बहोत पहले." मी म्हटलं आमचाच होता. तो हसला अन् कांदा पुढं केला. खाल्ला.

बायको बरी आहे आता. तीच माप करू रायली, मी इथं टाइप करत बसलो म्हणून शिव्या खातो.

शिक्षिका_पुसद

वहिनींना नमस्कार सांगा. आणि मुलीच्या शाळेला विचारून घ्या, घारापुरी कोणत्या वारी ठेवलीय.

पऱ्हाटीवाला (दारव्हा)

कागद पाह्यला. सोमवारीच!! आत्ता फोन लावतो हेडसरांना.

नवीन_सदस्य_वाशिम

नमस्कार. धागा पूर्ण वाचला नाही पण गेटवे १९११ ला बांधला ना?

खामगावकर

१९११ ला विलायतेचे राजा-राणी आले तेव्हा पुठ्ठ्याची कमान होती. दगडी पुरी झाली १९२४ ला. आन् १९४८ च्या फेब्रुवारीत गोऱ्यांची शेवटची पलटण त्याच कमानीतून बोटीत बसली.

ठेचाभाकर

वेशीतून आले अन् वेशीतून गेले. माय म्हणे ते खोटं नव्हतं.

तुरीची_डाळ

रुमाल बांधून फवारलं. उद्या सांगतो.