ब्रेक ऑइलचा मोठा डबा घ्यावा का? उघडलेली बाटली किती दिवस चालते?

निळी हॅचबॅक (प्रश्न)

नमस्कार. गाडीचे ब्रेक ऑइल या वेळी घरीच पूर्ण बदलण्याचा विचार आहे. माहितीपुस्तिकेत आणि ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावरही डॉट ४ असे लिहिलेले असल्याने प्रकाराबद्दल शंका नाही. शंका आहे ती किती घ्यावे आणि उरलेले कसे ठेवावे याबद्दल. पाच लिटरचा डबा लिटरमागे बराच स्वस्त पडतो, शिवाय पुढच्या काही वर्षांची सोय होईल असे वाटते. मागे टाकीतील पातळी खाली गेली म्हणून वरून थोडे घातले होते, त्या अर्धा लिटरच्या बाटलीतही निम्मे ऑइल शिल्लक आहे. झाकण घट्ट आहे आणि रंग नव्यासारखाच फिकट पिवळा दिसतो. ते वापरावे का? डॉट ५ किंवा ५.१ घेतल्यास अधिक टिकेल का?

दहाचा पाना

पाच लिटरचा डबा रोज गाड्यांचे काम करणाऱ्या गॅरेजला परवडतो, कारण तिथे तो उघडल्यावर लवकर संपतो. सर्वसाधारण मोटारीचे चारही चाकांचे जुने ऑइल काढून नवे भरायला साधारण एक लिटर पुरते. हे काम बहुतेक उत्पादक दर दोन वर्षांनी करायला सांगतात, म्हणजे आपला डबा संपायला दहा वर्षे लागतील. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घ्याव्यात आणि पहिली संपेपर्यंत दुसरीचे सील फोडू नये. उरलीच तर ती न उघडलेली उरते.

डॉट ३, ४ आणि ५.१ ही तिन्ही ऑइले ग्लायकॉल इथरच्या कुळातली असून हवेतील ओलावा शोषून घेतात. नव्या, कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश आहे. लांब उतारावर सतत ब्रेक दाबत राहिल्यास कॅलिपर (चाकाजवळचा, ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) इतका तापू शकतो की ओले ऑइल आतच उकळते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, आणि मग पेडल तळापर्यंत जाऊनही गाडी थांबत नाही.

डॉट ५.१ हे डॉट ४ मध्ये मिसळले तरी चालते आणि त्याचा कोरडा उत्कलनबिंदू किमान २६० अंश असतो, पण ओलावा तेही शोषते, त्यामुळे अधिक टिकण्याची अपेक्षा ठेवू नये. डॉट ५ हे सिलिकॉनचे असते. ते ओलावा शोषत नाही, परंतु ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये मिसळत नाही आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांसाठी सहसा वर्ज्य मानले जाते. आकड्यांच्या साधर्म्यामुळे दुकानात घोटाळा होतो, म्हणून बाटली हातात घेऊन वाचावी.

जुनी गाडी

वरील उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, पण उघडलेल्या बाटलीची भीती थोडी वाढवून सांगितली जाते असे माझे मत आहे. अगदी दमट, ३० अंशांच्या हवेतही घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅमच बाष्प असते. निम्म्या रिकाम्या बाटलीत पाव लिटर हवा धरली, तर त्यात आठ मिलिग्रॅमही पाणी भरत नाही, आणि उरलेल्या पाव लिटर ऑइलमध्ये ३.७ टक्के पाणी व्हायला नऊ ग्रॅमच्या आसपास पाणी लागेल. म्हणजे एकदा झाकण उघडून लगेच घट्ट लावले, तर काही आठवड्यांत ते ऑइल निकामी होत नाही.

दहाचा पाना

हिशेब मान्य आहे, परंतु तो झाकण हवाबंद आहे असे गृहीत धरतो. सीलचा पातळ पत्रा फाडल्यावर साधे प्लास्टिकचे झाकण तसे बसेलच असे नाही. दिवसा तापून आणि रात्री थंड होऊन बाटली थोडी थोडी हवा आत ओढत राहते आणि महिनोन्महिने हेच चालते. आत किती पाणी गेले ते रंगावरून मुळीच कळत नाही. अर्ध्या बाटलीच्या किमतीसाठी ब्रेकच्या बाबतीत अंदाजावर विसंबण्यात मला अर्थ दिसत नाही. ती बाटली वापरू नये.

आणखी एक गोष्ट, जी खरे तर आधी विचारायला हवी होती: टाकीतील पातळी खाली का गेली होती? पॅड झिजत गेले की कॅलिपरचे पिस्टन पुढे सरकतात आणि पातळी आपोआप हळूहळू उतरते. तशा वेळी वरून भरले, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलल्यावर टाकी ओसंडते. पातळी भराभर उतरत असेल तर गळती शोधावी.

निळी हॅचबॅक

आभारी आहे. पॅड आधी पाहतो आणि जुनी बाटली बाजूला काढतो. न उघडलेली बाटली कशी ठेवावी, आणि काढलेल्या ऑइलचे काय करावे?

ओला चिंधा

सीलबंद बाटली मूळ वेष्टनातच, कोरड्या आणि फार न तापणाऱ्या जागी ठेवावी आणि वेष्टनावरील मुदत पाळावी. पत्र्याचा डबा मिळाला तर तो घ्यावा, कारण प्लास्टिकमधून अत्यंत मंद गतीने का होईना, बाष्प आत जाते. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ऑइल कधीही ओतून ठेवू नये. ते विषारी आहे आणि दिसायला निरुपद्रवी. ब्लीचिंग पावडर शेजारी नसावी, हे फार थोड्यांना ठाऊक असते: ब्रेक ऑइल तिच्यावर सांडल्यास थोड्या वेळाने आपोआप पेट घेऊ शकते.

इंजिन ऑइलसाठी वापरलेले नरसाळे इथे चालत नाही. खनिज तेलाच्या थोड्याशा अंशानेही ब्रेकमधील रबरी सील फुगतात. ऑइल गाडीच्या रंगावर सांडले तर नुसते पुसत बसू नये, लगेच भरपूर पाणी ओतावे. ते पाण्यात विरघळते आणि रंग वाचतो. काढलेले जुने ऑइल गटारात न टाकता, इंजिन ऑइलमध्येही न मिसळता, वेगळ्या बंद डब्यात ठळक नाव लिहून ठेवावे आणि वापरलेले ऑइल स्वीकारणाऱ्या केंद्राकडे किंवा गॅरेजकडे द्यावे. आपली ती अर्धी बाटलीही त्यातच जाऊ द्यावी.