आसुर विवाह आणि माद्री

कोणीतरी लिहिलंय की आसुर विवाह म्हणजे मुलीच्या बापाने वराकडून पैसे घेऊन मुलगी देणं, ते खालच्या लोकांत चालायचं, राजघराण्यात नाही. मग माद्रीचं काय? महाभारताच्या आदिपर्वात भीष्म पांडूसाठी तिला मागायला जातो तेव्हा तिचा भाऊ शल्य सरळ सांगतो की मुलीसाठी धन घ्यायची आमच्या कुळाची रीत आहे, बरी असो वाईट असो मला मोडता येत नाही, आणि भीष्म काही खळखळ न करता सोनं, रत्नं, हत्ती, घोडे, रथ सगळं देऊन मोकळा होतो. त्याच भीष्माने आधी काशीच्या तीन मुली भर स्वयंवरातून उचलून आणल्यात, तेही विवाहाच्या आठ प्रकारांचं लेक्चर देऊन, म्हणजे एकाच घरात राक्षस विवाह (मुलगी जबरदस्तीने पळवून आणणं) पण आणि आसुर पण!

मनुस्मृतीत तर अजून गंमत आहे, आर्ष विवाहात (आठांतलाच एक प्रकार) वराकडून गाय-बैलाची जोडी घ्यायची असं सांगायचं आणि थोडं पुढे जाऊन म्हणायचं की थोडं घ्या नाहीतर जास्त, ती विक्रीच. बाकी देज, म्हणजे मुलीसाठी वराकडून पैसे, घ्यायची पद्धत आपल्याकडे कितीतरी जातींत होतीच की.