ऊद, हूद, पाणमांजर की उदमांजर?

दादरकरीण

मुलांच्या एका चित्रपुस्तकाचा अनुवाद करतेय. नदीकाठच्या ऑटर (पाण्यात मासे धरणारा प्राणी) कुटुंबाची गोष्ट आहे: आई, बाप आणि चार पिल्लं. मी सगळीकडे ‘ऊद’ लिहिलं. संपादकांकडून पानं परत आली तर प्रत्येक ‘ऊद’ खोडून ‘उदमांजर’ केलेलं. समासात शेरा: ‘ऊद म्हणजे धूप. मुलं गोंधळतील.’

माझ्या माहितीत उदमांजर हा वेगळाच प्राणी. गेल्या पावसाळ्यात बोरिवलीला मामाच्या सोसायटीत मीटरच्या खोलीत एक शिरलं होतं. राखाडी-काळं अंग, डोळ्यांभोवती मुखवटा घातल्यासारखा काळा रंग, जवळजवळ अंगाएवढी शेपटी. वनखात्याची माणसं पिंजरा घेऊन येईपर्यंत ते पाइपाला चिकटून बसलं होतं आणि वॉचमन त्याला पपईची फोड दाखवत होते. ते उदमांजर, कोकणातला कांडेचोर. फळं खाणारा, झाडावर राहणारा. गोष्टीतला प्राणी दिवसभर पाण्यात मासे धरतो.

हिंदीत मात्र ऊदबिलाव म्हणजे ऑटरच. संपादकांनी तिकडून ‘बिलाव’चं ‘मांजर’ केलं असावं असं वाटतंय. ऑटरला मराठीत कुणी उदमांजर म्हटलेलं ऐकलंय का? आणि ‘ऊद’ ठेवण्यासाठी भांडू का? सोमवारी पानं द्यायची आहेत.

वालावलची नात

भांडाच. आमच्याकडे सिंधुदुर्गात कर्ली नदीच्या काठी हा शब्द रोजचा आहे, फक्त आम्ही ‘हूद’ म्हणतो. आजीच्या घराची मागची पायरी थेट खाडीत उतरायची. पहाटे शिट्टीसारखा आवाज आला की आजी म्हणायची, “हूद इलो!” आणि दुपारी शेजारचे काका फाटकं जाळं घेऊन यायचे, “हुदान जाळा फाडल्यान.” मी सात-आठ वर्षांची असेन, पायरीवर खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे भरलेली ओली विष्ठा पडली होती. आजीने ती काठीने उकलून मला दाखवली. म्हणाली, बघ, काल रात्री काय जेवला.

चौथीत मुंबईला आले. निबंधात ‘हूद’ लिहिलं. बाईंनी लाल रेघ मारून वर ‘पाणमांजर’ लिहिलं. ती रेघ मला अजून आठवते. जो प्राणी मी पाहिला होता आणि वर्गात दुसऱ्या कुणीच पाहिला नव्हता, त्याचं नाव चूक ठरलं.

तद्भव

‘हूद’ चूक कसा? संस्कृत उद्र, प्राकृत उद्द, मराठी ऊद. पुत्र-पुत्त-पूत, सूत्र-सुत्त-सूत ही जी वाट आहे तीच. जोडाक्षर गेलं, आधीचा स्वर लांबला. मालवणीतला ‘ह’ नंतर चिकटलेला. ‘ओठ’चं ‘होठ’ होतं तसा. मूळ धातू उन्द्, ओलं करणे. त्याच घरातले उदक, उदधि, समुद्र.

आणि गंमत अशी की इंग्रजी ‘ऑटर’ हाही या उद्राचा सख्खा भाऊ आहे. लिथुआनियनमध्ये ‘ऊद्रा’, रशियनमध्ये ‘विद्रा’, ग्रीकांचा पाणसाप ‘हायड्रा’ त्याच मुळातला. कर्लीच्या काठची आजी आणि बाल्टिकच्या काठचा कोळी हजारो वर्षांनंतरही एकच शब्द बोलतात. असा शब्द आपल्याकडे जिवंत असताना तो खोडायचा? दादरकरीण, एक पानही सोडू नका.

रानवाट

व्युत्पत्ती छान आहे, पण पुस्तक मुलांना वाचायचंय. आज मराठीत ऑटर म्हणजे पाणमांजर. वर्तमानपत्रांत तेच, माहितीफलकांवर तेच. भारतात तीन जाती आहेत आणि सिंधुदुर्गात त्यांतल्या दोन दिसतात. एक मोठी, चपट्या शेपटीची, टोळीने मासे धरणारी. दुसरी लहान, आखूड नखांची, चिखलात बोटं घालून खेकडे काढणारी. दोघींनाही लोक पाणमांजरच म्हणतात. ‘ऊद’ मुंबईतल्या मुलाला कळणार नाही. शब्द वापरात असतो तेव्हाच तो जिवंत.

उदमांजर मात्र ठाम चूक. तिथे भांडा.

तद्भव

कुणाच्या वापरात? वालावलच्या खाडीत वापरात आहेच. दादर-ठाणे लोकलमध्ये ऐकू आला नाही म्हणून मेला असं कसं ठरवता? आणि पाणमांजर हे नाव तरी काय सांगतं? प्राणी मांजर नाही. मार्जार शब्द मृज् धातूवरून, स्वतःला पुसून साफ करणारा. तेवढंच काय ते जुळतं, कारण ऊद पाण्यातून आला की तासभर अंग घासत बसतो.

सिरोंचा ते सायन

मांजर तरी का? आमचं बालपण गडचिरोलीतल्या सिरोंच्याला, तेलंगणाच्या सीमेवर गेलं. तेलुगू बोलणारे शेजारी ‘नीटिकुक्का’ म्हणायचे, म्हणजे पाण्यातलं कुत्रं. कन्नडमध्ये नीरुनायी, तमिळमध्येही नीरनाय. गुजरातीत मात्र जळबिलाडी. म्हणजे महाराष्ट्राची दक्षिण हद्द ओलांडली की मांजराचं कुत्रं होतं! आमच्या घरात आई पाणमांजर म्हणायची, पण मागच्या दारी खेळताना आम्ही पोरं कुक्काच म्हणायचो. पोहताना फक्त डोकं वर असतं ना, तेव्हा ते अगदी कुत्र्यासारखं दिसतं.

रानवाट

शास्त्राने पाहिलं तर दक्षिणेकडचे लोक जास्त बरोबर. मांसभक्षी प्राण्यांच्या दोन मोठ्या शाखा आहेत, एक मांजराकडची, एक कुत्र्याकडची. ऑटर कुत्र्याच्या शाखेत येतो. आणि उदमांजर मांजराच्या शाखेत. म्हणून ‘मांजर’ हा शब्द त्यालाच शोभतो.

ग्रँट रोड

‘कुत्रं’ यावरून. शेजारी पारशी काका आहेत, त्यांनी एकदा वेंदिदाद या त्यांच्या धर्मग्रंथातला भाग वाचून दाखवला होता. त्याच्या जुन्या अवेस्ता भाषेत शब्द अगदी ‘उद्र’च आहे आणि त्याला पाण्यातलं कुत्रंच मानलंय. कुत्रा मेला की त्याचा प्राण पाण्याच्या झऱ्यांकडे जातो आणि 1000 कुत्रे व 1000 कुत्र्यांच्या माद्या यांतून उद्रांची एक जोडी जन्मते. उद्राला मारणाऱ्याला 10,000 फटक्यांची शिक्षा सांगितलीय. तेव्हापासून कार्टर रोडच्या ऑटर्स क्लबावरून बस गेली की मला ती जोडी आठवते.

गिरगाववाला

सगळे उद्राच्या मागे आहेत, पण उदमांजराच्या ‘उद’चं काय? माझं मत असं की हा पाण्याचा ऊद नव्हेच. हा वासाचा ऊद. या प्राण्याला गंधग्रंथी असतात. आमच्या चाळीच्या कौलांवर यायचा तेव्हा अंबेमोहोर शिजल्यासारखा वास सुटायचा. आजोबा म्हणायचे, “आला ऊदवाला.” त्याच्या भाऊबंदाला आपण जवादी मांजर म्हणतो, तेही अरबी ‘झबाद’वरून, म्हणजे त्याच्या कस्तुरीसारख्या द्रव्यावरून. मग उदमांजरही वासावरूनच.

तद्भव

पटत नाही. हिंदीत ऊदबिलाव पाण्यातला, बंगालीत उद्‌बिडालही पाण्यातला. मराठीने नाव तेच घेतलं आणि प्राणी बदलला, असं जास्त शक्य आहे. वास हा नंतर जोडलेला अर्थ.

गिरगाववाला

तुम्हाला अरबी नको आहे, एवढंच त्यातून दिसतं.

तद्भव

अरबीचं वावडं नाही. पुरावा हवा. पण विषय निघालाच आहे तर सांगतो, देवघरात ‘अगरबत्ती’ म्हटलेलं मला खटकतं. आपला शब्द उदबत्ती.

गिरगाववाला

तुम्ही हे लिहावं? अगर हा संस्कृत अगरु. ऊद हा अरबी, मूळ अर्थ लाकूड. त्यावरून सुगंधी लाकूड आणि ऊद नावाचं ते तंतुवाद्यही. तुमच्या न्यायाने पाहिलं तर देवघरात अगरबत्ती चालायला हवी आणि उदबत्ती बाहेर काढायला हवी. मी दोन्ही ठेवतो. मोहम्मद अली रोडवर अत्तरवाल्याकडे ऊद मागितला की तो लाकडाचा तुकडा काढतो. गिरगावात मागितला की राळेचे खडे पुडीत बांधून देतात. शब्द एकच, अंतर चालत अर्ध्या तासाचं.

तद्भव

उदबत्ती मी मराठी मानतो, कारण ती माझ्या आईच्या तोंडी होती.

वालावलची नात

मग माझ्या आजीच्या तोंडचा हूद?

तद्भव

तो तर मी पहिल्यापासून मानतोय, ताई. लाल रेघ मी मारली नव्हती.

दादरकरीण

आज भाच्याला वाचून दाखवलं. ‘उदाचा वास येताच खेकडे बिळात पळाले.’ त्याने विचारलं, “मावशी, नदीवर पूजा चालली होती का?” वय सात. संपादकांची शंका खरी होती, उपाय चुकीचा होता. ‘पाणमांजराचा वास’ म्हटलं तर ओळ जड होते, चालच बसत नाही. आणि पुढे आई-ऊद पिल्लांना बोलावते तिथे ‘पाणमांजर’ नपुंसकलिंगी, मग ‘ते म्हणालं’ की ‘ती म्हणाली’?

रानवाट

‘पाणमांजराची आई’ म्हणा आणि पुढे ‘ती’.

सिरोंचा ते सायन

पिल्लांची नावं ठेवलीत तर प्रत्येक वेळी प्राण्याचं नाव लागणारच नाही.

ग्रँट रोड

अवांतर: पुडीतल्या खड्यांवरून आठवलं. न्हाऊ घातल्यावर बाळाला धुरी देताना तुमच्याकडे ऊद ‘घालतात’ की ‘जाळतात’? सासरी मी ‘ऊद जाळला’ म्हटलं तर आजेसासूबाईंनी लगेच दुरुस्त केलं.

वालावलची नात

घालतात. निखाऱ्यावर ऊद घालायचा, वावडिंग घालायचं, ओवा घालायचा. जळतो तो निखारा.

गिरगाववाला

आमच्याकडे ऊद ‘दाखवतात’. तिन्हीसांजेला, धुपाटणं घेऊन, सगळ्या खोल्यांतून.