मिस्टर कामावर असताना वारले, भरपाईचा क्लेम नाकारलाय, काय करू?

नमस्कार, माझे मिस्टर एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टरकडे फिटर होते, ऑगस्ट २०२४ मध्ये शेडच्या पत्र्यावरून पडून वारले. कंपनी म्हणते आमचा माणूस नाही, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सेफ्टी बेल्ट लावला नव्हता म्हणून भरपाई नाही. पगार रोख मिळायचा, हातात फक्त गेटपासची झेरॉक्स आहे. पदरात दोन लेकरं आहेत.

उत्तर: ताई, आधी मिस्टरांचं ईएसआयचं (सरकारी कामगार विम्याचं) कार्ड होतं का बघा. असेल तर तुम्हाला आणि मुलांना तिथूनच पेन्शन मिळते, मग हा क्लेम चालत नाही.

उत्तर: कार्ड नसेल तर १९२३ चा कामगार भरपाई कायदा. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण तुमचा अपघात २०२४ चा, म्हणून जुनाच कायदा. बेल्ट नव्हता हे कारण मृत्यूच्या केसमध्ये चालतच नाही, कलम ३ वाचा. आणि कलम १२ प्रमाणे कंपनीचं नेहमीचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं तरी कंपनी जबाबदार, तिने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं. अर्ज लेबर कोर्टात, मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत.

उत्तर: गेटपास जपून ठेवा, तोच मोठा पुरावा आहे, सोबत पोलीस पंचनामा, पीएम (पोस्टमॉर्टेम) रिपोर्ट आणि बरोबरच्या कामगारांचे जबाब. आणि कोणी पन्नास हजार हातावर ठेवून सही मागितली तर अजिबात करू नका, मृत्यूची भरपाई कमिशनरकडेच (भरपाईचे अर्ज ऐकणाऱ्या लेबर कोर्टातल्या अधिकाऱ्याकडे) जमा करावी लागते.